आधी पॉलिसी की आधी जनुकीय तपासणी?

आई आणि मावशी दोघींना स्तनाचा कॅन्सर झाला, म्हणून बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या आमच्या वहिनींना डॉक्टरांनी बीआरसीए तपासणी, म्हणजे या कॅन्सरचा आनुवंशिक धोका सांगणारी जनुकीय तपासणी, सुचवली. आरोग्य विमा अजून काढलेला नव्हता. आधी काय करायचं?

तपासणी आधी केली तर धोका लवकर कळतो. पण फॉर्ममध्ये विचारलं तर निकाल सांगावाच लागतो, आणि अमेरिकेत 2008 साली झाला तसा जनुकीय भेदभावाविरुद्धचा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. 2018 च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने जनुकीय आजार सरसकट वगळणं घटनेच्या 14व्या कलमाविरुद्ध ठरवलं, मार्चमध्ये इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, त्या कारणावरून क्लेम नाकारायला मनाई केली. हा आधार मोठा आहे, पण तो पॉलिसी हातात आल्यावरचा. दारातच जादा हप्ता मागितला तर तो फारसा कामाला येत नाही.

पॉलिसी आधी घेतली तर ही अडचण टळते. एप्रिल 2024 पासून आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबावं लागतं. सलग 60 महिने पॉलिसी चालली, की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचा ठपका ठेवून क्लेम नाकारता येत नाही. माझा कौल पॉलिसीला. मात्र स्तनात हाताला गाठ लागली असेल तर विमा बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा.

आता फॉर्मचं. एजंट ओसरीवर बसून इंग्रजी फॉर्मवर 'नाही'च्या रकान्यात भराभर टिका मारत होता. "वहिनी, हे सगळं असंच असतंय, तुम्ही सही करा बघा." घरच्यांच्या आजाराचा प्रश्नही त्यातच गेला होता! मी फॉर्म परत घेतला, एकेक प्रश्न मराठीत वाचून दाखवला. आईचा, मावशीचा आजार लिहिला, आणि 'एखादी तपासणी सुचवली आहे का' याला 'होय'. हप्ता वाढला तरी चालेल, पण खोट्या टिकमार्कवर उभी पॉलिसी ऐन ऑपरेशनच्या वेळी दगा देते.

दादांच्या उद्यमबागेतल्या कारखान्याची ग्रुप पॉलिसीही आहे. तिच्यात बहुधा जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात, पण नोकरी सुटली की ती संपते. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, जुन्या आजाराची आडकाठी नसते.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. उत्तर पटलं नाही किंवा महिनाभर आलंच नाही, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे, फी लागत नाही. त्यासाठीच सही केलेल्या फॉर्मच्या प्रत्येक पानाचा फोटो वहिनींच्या मोबाइलमध्ये ठेवलाय.