आतल्या पानावरच्या नावांसाठी घेतलेली एलपी

अमेरिकी गायक मार्विन गे यांची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही १९७१ सालची ध्वनिमुद्रिका मी मोबाइलवर अनेक वर्षे ऐकत आलो होतो. तरीही तिच्या नव्याने काढलेल्या एलपीची प्रत मी गेल्या वर्षी मागवली, ती गाण्यांसाठी नव्हे, तर आवरण उघडल्यावर आत छापलेल्या वादकांच्या नावांसाठी. ती काढणाऱ्या मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तबकड्यांवर त्याआधीच्या दहाबारा वर्षांत गायकांची, गीतकारांची आणि निर्मात्यांची नावे येत असत, पण ज्यांच्या वादनावर ते सारे संगीत उभे होते, त्या वादकांची नावे येत नसत. या एलपीवर ती प्रथम छापली गेली. म्हणून हे परीक्षण मुख्यतः त्या नावांचे आणि त्यांच्यामागच्या वादनाचे आहे.

हे वादक कोण होते, ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मोटाउनचे संस्थापक बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या वेस्ट ग्रँड बुलेवार्डवरचे एक साधे घर घेतले आणि तेथे पूर्वी असलेल्या फोटो स्टुडिओच्या जागेत ध्वनिमुद्रणाची खोली तयार केली. छतावरून लोंबणाऱ्या तारांमुळे त्या खोलीला वादक ‘स्नेकपिट’, म्हणजे सापांचा खड्डा, म्हणत. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स, स्टीव्ही वंडर यांची जी गाणी साठच्या दशकात जगभर गेली, त्यांतील बहुतेकांचे वादन याच खोलीत झाले आणि ते करणारा संच बव्हंशी एकच होता. डेट्रॉइटच्या जॅझ क्लबांत रात्री वाजवणारे हे लोक स्वतःला ‘फंक ब्रदर्स’ म्हणवत. गायक बदलत, गट बदलत, पण पियानोवर अर्ल व्हॅन डाइक, गिटारवर रॉबर्ट व्हाइट, एडी विलिस आणि जो मेसिना, टॅम्बोरीनवर जॅक ॲशफोर्ड आणि बेस गिटारवर जेम्स जेमरसन हीच माणसे पुन्हा पुन्हा त्याच खुर्च्यांवर येऊन बसत.

यांपैकी रॉबर्ट व्हाइट यांची एक हकिकत मला विसरता येत नाही. टेम्प्टेशन्सच्या ‘माय गर्ल’ या गाण्याच्या आरंभी गिटारचे जे चढत जाणारे स्वर येतात, ते त्यांनी वाजवलेले आहेत. फंक ब्रदर्सवर २००२ मध्ये आलेल्या माहितीपटात असे सांगितले आहे, की एका उपाहारगृहात हे गाणे लागले तेव्हा ‘हे मी वाजवले आहे’ असे वाढणाऱ्या मुलाला सांगण्यासाठी व्हाइट यांनी तोंड उघडले आणि मग काही न बोलता जेवण मागवले; तो मुलगा आपल्यावर विश्वास ठेवणार नाही, असे त्यांना वाटले. त्या क्षणी त्यांच्याजवळ दाखवण्यासारखा छापील कागद नव्हता. आपल्याकडच्या जुन्या भावगीतांच्या तबकड्यांवर कवी, संगीतकार आणि गायक यांच्या नावांशेजारी व्हायोलिन किंवा बासरी कोणाची, हे क्वचितच सापडते, आणि हिंदी चित्रपटसंगीत घडवणाऱ्या गोव्याच्या वादकांचीही तीच गत झाली. त्यामुळे मराठी श्रोत्याला व्हाइट यांची ती शांतता समजावून सांगण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष एलपीविषयी. शीर्षकगीत सुरू होताना काही माणसे एकमेकांना भेटल्याचा गलबला ऐकू येतो. त्यात डेट्रॉइट लायन्स संघाचे अमेरिकन फुटबॉल खेळाडू मेल फार आणि लेम बार्नी यांचेही आवाज आहेत. त्यावर जो सॅक्सोफोन येतो, तो ईलाय फाउंटन यांचा. ते केवळ हात मोकळा करण्यासाठी काही फुंकत होते आणि गे यांनी तेच वादन पुरेसे मानून त्यांना घरी जायला सांगितले, अशी त्याची कथा आहे. पण माझा आग्रह असा आहे, की पहिल्या ऐकण्यानंतर सॅक्सोफोन आणि गायकाचा आवाज दोन्ही मनातल्या मनात बाजूला सारावेत आणि लक्ष तळाशी न्यावे. तेथे जेमरसन आहेत. साधा बेसवादक मूळ स्वर धरून ठेका सांभाळतो. जेमरसन मूळ स्वरावर क्षणभर टेकतात आणि लगेच मात्रेच्या आधी किंवा नंतर अशा ठिकाणी स्वर टाकतात, की गाणे पुढे झुकल्यासारखे वाटते. तबल्याचा ठेका कायम ठेवून मधल्या जागा भरणारा चांगला साथीदार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे काय आहे ते लगेच उमजेल. गायकाची ओळ संपते तेथे बेसची ओळ उगवते, आणि तरीही ती गायकाच्या वाटेत येत नाही.

हे सर्व जेमरसन उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने वाजवत. सुरुवातीला ते उभा बेस, म्हणजे उभे राहून वाजवायचा मोठा डबल बेस, वाजवत असत आणि ती सवय त्यांनी फेंडर कंपनीच्या गिटारवर आणली. तारा जाड, सपाट गुंडाळीच्या आणि तुटेपर्यंत न बदललेल्या असत. त्यामुळे त्यांच्या स्वराला झणझणाट नाही; तो गोल, किंचित दबलेला आणि लाकडी आहे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. माझ्याकडची साधने मध्यम प्रतीची आहेत, तरीही एलपीवर तो स्वर वेगळा उभा राहिला आणि काँगा, बोंगो व व्हायोलिन यांच्या गर्दीतही शेवटपर्यंत हरवला नाही. शीर्षकगीताच्या वेळी जेमरसन यांना गे यांनी मद्यगृहातून शोधून आणले, त्यांना खुर्चीवर नीट बसवेना आणि त्यांनी जमिनीवर पाठ टेकून वादन केले, असे सांगतात. हा प्रसंग लोक गमतीने सांगतात. मला तो तसा ऐकवत नाही, कारण याच व्यसनाने १९८३ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

पहिल्या बाजूची सहा गाणी एकमेकांत मिसळत जातात. ती एका दमात ऐकवणाऱ्या संयोजनाचे श्रेय डेव्हिड व्हॅन डी पिट यांना आहे. ‘मर्सी मर्सी मी’च्या शेवटी वाइल्ड बिल मूर यांचा टेनर सॅक्सोफोन ऐकावा, एवढ्या थोड्या वेळात एवढे सांगणारे वादन फार थोडे आहे. या गाण्यावर बेस मात्र बॉब बॅबिट यांचा आहे आणि दोघांतला फरक ओळखणे हा या एलपीचा मोठा आनंद आहे: बॅबिट अधिक सरळ, अधिक ठाम, ठोक्यावर घट्ट बसणारे. दुसऱ्या बाजूच्या शेवटचे ‘इनर सिटी ब्लूज’ त्यांच्याच बेसवर उभे आहे. त्या बाजूवरचे पहिले गाणे मला लांबलेले वाटते, आणि तेथे वादकांपेक्षा वेळच जास्त वाजतो.

ड्रमवर चेट फॉरेस्ट यांचे नाव पाहून मी थांबलो. मोटाउनचा ताल घडवणारे बेनी बेंजामिन १९६९ मध्ये वारले होते. ज्या वर्षी वादकांची नावे छापली गेली, त्या वर्षी ज्यांचे नाव सर्वप्रथम छापायला हवे होते, ते हयात नव्हते. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मोटाउनने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला आणि डेट्रॉइटचा तो संच पांगला.

छपाईबद्दल माझी तक्रार आहे. उघडणाऱ्या आवरणात गाण्यांचे शब्द आणि छायाचित्रांची जुळणी आहे, पावसात काळा रेनकोट घालून उभे असलेल्या गे यांचे मुखपृष्ठही स्वच्छ उतरले आहे. परंतु नावे बारीक अक्षरांत आहेत आणि ती वाद्यांनुसार एकत्र दिली आहेत, त्यामुळे कोणत्या गाण्यावर कोण, हे त्यावरून समजत नाही. जेमरसन यांच्या नावाला ‘अतुलनीय’ असे विशेषण लावलेले आहे. ते वाचून मला मनापासून बरे वाटले, पण विशेषणापेक्षा गाण्यांची यादी अधिक उपयोगी पडली असती. मला आलेली पहिली प्रत किंचित वाकलेली निघाली; विक्रेत्याने ती विनातक्रार बदलून दिली. बदललेल्या प्रतीवर खरखर नाही, आणि शांत जागांत तबकडी खरोखर शांत राहते.

जे केवळ शीर्षकगीतासाठी घेणार असतील, त्यांनी एलपीचा खर्च करण्याची आवश्यकता नाही. ज्यांना बेस किंवा कोणतेही साथीचे वाद्य शिकायचे आहे, त्यांनी मात्र ती अवश्य घ्यावी आणि पहिली बाजू निदान दहा वेळा, दर वेळी एकच वाद्य धरून ऐकावी. मी तसे ऐकत असताना जे जे ओळखता आले आणि ताडून पाहता आले, ते एका कागदावर गाण्यांच्या क्रमाने लिहून काढले आहे: शीर्षकगीतासमोर जेमरसन आणि फाउंटन, ‘मर्सी मर्सी मी’समोर बॅबिट आणि मूर, ‘इनर सिटी ब्लूज’समोर पुन्हा बॅबिट. तो कागद आता आवरणाच्या आत, छापील नावांशेजारी ठेवलेला असतो.