दक्षिण आफ्रिका की चिली?

परभणीची भाची एम.ए.च्या प्रबंधाच्या विषयावर अडलीय. लोकशाही आल्यावर बायांच्या हाती काय आलं, हे दक्षिण आफ्रिकेवरून मांडावं की चिलीवरून?

आधी वाचायला काय मिळतं ते बघ. चिलीचं बरंचसं स्पॅनिशमध्ये, आफ्रिकेचं इंग्रजीत. इथंच निम्मा निकाल लागतो.

बायांना मिळालं काय? दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपवायच्या वाटाघाटी चालू असतानाच, १९९२ मध्ये, बायांनी पक्षभेद बाजूला ठेवून आघाडी बांधली. पारंपरिक प्रमुखांना रूढीचा कायदा समतेच्या कलमाबाहेर हवा होता. खेड्यातल्या बाया आडव्या आल्या, अन् १९९६ च्या संविधानात समताच वरचढ राहिली. चिलीत ‘देशात लोकशाही, घरातही लोकशाही’ म्हणत बाया लष्करी हुकूमशहा पिनोशेविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. १९९१ मध्ये महिलांसाठी सरकारी यंत्रणाही आली. पण घटस्फोट कायदेशीर व्हायला २००४ उजाडलं! लोकशाही परतून तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

आपल्याशी काय जुळतं? सरपंचबाईची सही अन् नवऱ्याचा कारभार भाचीनं गावात पाहिलाय. त्या अंगानं चिली जास्त बोचते.

तर पोरी, वेळ कमी असेल, वारसाहक्क अन् रूढी यांत रस असेल, तर आफ्रिका घे. उंबऱ्याआतल्या सत्तेवरच लिहायचं असेल अन् स्पॅनिश शिकायची चिकाटी असेल, तर चिली.