मांडवीच्या खाडीत कार्बन डायऑक्साइड मोजायला कधी जायचं, मे की जुलै?

प्रोजेक्टला एकच सीझन मिळणार असेल आणि गोव्यातल्या मांडवी नदीचं पाणी हवेत किती कार्बन डायऑक्साइड सोडतं ते मोजायचं असेल तर आधी हे ठरवा, तुम्हाला नदीचा आकडा हवाय की काठच्या तिवरांचा (खारफुटीचा)? पाणी एकच असलं तरी दोन्ही एकाच महिन्यात नीट दिसत नाहीत.

जुलैत सगळं नदीच्या हातात असतं. गोव्याचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, म्हादई (मांडवीचंच वरचं नाव) घाटावरनं लाल माती आणि पालापाचोळा घेऊन खाली येते, तो जिवाणू खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, वर पाणी इतकं गढूळ की उजेड आत जात नाही, मग प्लवकं (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती) तो परत शोषून घेणार कशी? शिवाय गोड्या पाण्यात अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) कमी, त्यामुळे थोडा गॅस वाढला तरी त्याचा दाब भराभर चढतो. हवेत आज कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत ४२० भाग) थोडा वर आहे, पावसाळ्यात इथल्या पाण्यात त्याच्या कितीतरी पट मिळतं, म्हणून वर्षाचा हिशोब मांडायचा असेल तर हा सीझन टाळून चालणारच नाही.

मे महिन्यात नदीला पाणीच नसतं, भरतीचं खारं पाणी खूप आतपर्यंत घुसतं. पावसाळ्यात ५-६ दिवसांत समुद्रात निघून जाणारं पाणी आता ५० दिवसांच्या आसपास खाडीत रेंगाळतं. मुख्य पात्रातले आकडे खाली येतात आणि बरेच जण म्हणतात, उन्हाळ्यात मोजण्यासारखं काही नाही. मला हे अजिबात पटत नाही, कारण तिवरांचं काम दिसतं ते तेव्हाच. मांडवीतल्या चोडण बेटाच्या तिवरांत ओहोटी लागली की खेकड्यांच्या बिळांतनं आणि चिखलातनं आत मुरलेलं पाणी झिरपत ओहोळात येतं, त्यात कुजलेल्या पानांचा आणि मुळांचा कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो, म्हणजे सुकतीला आकडा वर आणि भरतीला खाली. असं जुलैतही होतं पण नदीच्या लोंढ्यात ते हरवून जातं.

पण मग सॅम्पलिंगही तसंच पाहिजे. सकाळी ११ ला होडीतनं दोन बाटल्या भरून आणल्या म्हणजे झालं असं नाही, दिवसा प्रकाशसंश्लेषणाने आकडा उतरतो, रात्री चढतो, त्यामुळे एका जागी सलग २५ तास बसा म्हणजे दोन भरत्या-ओहोट्या मिळतात. एकदा उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत), एकदा भांगाला (लहान भरतीच्या). झोपेची वाट लागते पण त्याशिवाय त्या डेटाला अर्थ नाही.

उपकरणांचं म्हणाल तर जुलै जास्त त्रास देतो. पाण्याचा खारेपणा काही तासांत खूप बदलते आणि पीएचचा इलेक्ट्रोड स्थिरच होत नाही, वरचं पाणी गोडं आणि खालचं खारं असल्यामुळे खोली बदलली की उत्तर बदलतं. पीएच आणि अल्कलिनिटीवरून कार्बन डायऑक्साइडचं गणित केलंत तर पाण्यातली सेंद्रिय आम्लं घोळ घालतात आणि दाब फुगून येतो, म्हणून शक्य असेल तर इक्विलिब्रेटर (पाण्यातला गॅस बंद हवेत उतरवून मोजू देणारं उपकरण) लावून गॅस थेट मोजा. तरंगता चेंबर (पाण्यावर उपडा ठेवलेला, वर येणारा गॅस पकडणारा डबा) वापरणार असाल तर तो नांगरू नका, होडीसकट प्रवाहासोबत वाहू द्या, नाहीतर चेंबरच पाणी घुसळतो आणि फ्लक्स, म्हणजे पाण्यातून हवेत जाणारा गॅस, खोटाच वाढतो. हे मेमध्येही लागू आहे, फक्त तेव्हा निदान पाऊस डोक्यावर नसतो.

हिवाळा दोन्हींच्या मधला, एकच सीझन असेल तर मी तो घेणार नाही.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी माझं मत मे आणि चोडण. फक्त मेच्या आकड्याला ३६५ ने गुणून वार्षिक उत्सर्जन म्हणून छापू नका, जुलैची एक तरी २५ तासांची फेरी जोडा, आणि तेवढंही जमत नसेल तर शीर्षकातच ‘उन्हाळा’ लिहा.