वेबसाइटचं काम उक्तं घ्यावं की तासावर?

दोन्ही पद्धतींनी मी कामं केली आहेत. पहिली काही वर्षं सगळं उक्तं: काम बघायचं, एक आकडा सांगायचा, तेवढ्यात पूर्ण करून द्यायचं. आता बहुतेक कामं तासाच्या दरानं घेतो. तुमचे क्लायंट वेगळे असतील तर तुमचा निर्णयही वेगळा होऊ शकतो, हे आधीच सांगून ठेवतो.

उक्त्याचा फायदा क्लायंटला चटकन पटतो. खर्चाचा आकडा आधीच हातात असतो, वरून मंजुरी घेणं सोपं जातं. काम सरावाचं असेल तर आपलाही फायदा होतो. ठरलेली थीम, पाच-सात पानं आणि मजकूर तयार, असं काम मी आजही उक्तंच घेईन.

माझं मन फिरलं ते कोटेशनमधल्या एका ओळीमुळे. बुकिंगची साइट होती आणि मी लिहिलं होतं, ‘युजर लॉगिन’. माझ्या डोक्यात ईमेल, पासवर्ड आणि पासवर्ड विसरल्यास रीसेट, एवढंच. क्लायंटच्या डोक्यात मोबाइलवर ओटीपी, गूगल अकाउंटवरून लॉगिन आणि कर्मचाऱ्यांना वेगवेगळे अधिकार. “लॉगिन म्हटल्यावर हे आलंच ना त्यात?” त्यांच्या बाजूनं ते बरोबरच होतं, फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. पण त्यानंतरची प्रत्येक मीटिंग जुने मेल उकरण्यात जायला लागली. त्यांनी साधा फिल्टर सुचवला तरी माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा, हे धरलं होतं का? सूचना चांगली आहे की नाही, हे बघायचं राहूनच जायचं. जास्तीचे तास मी सोसले असते, ही कुरबुर सोसवेना.

तासावर घेतलेल्या एका कामात हीच ओटीपीची मागणी आली. मी म्हटलं, “साधारण दहा तास लागतील, एसएमएसचा खर्च वेगळा. करू का?” ते म्हणाले, “मग पुढच्या टप्प्यात बघू.” विषय तिथेच मिटला.

तासाच्या पद्धतीतही दुखणी आहेत. बिल कुठवर जाईल ही क्लायंटची धास्ती रास्त आहे. एखादा बग शोधण्यात दोन दिवस गेले की त्याचं बिल लावताना हात आखडतो. नोंदही रोजच्या रोज ठेवावी लागते. शनिवारी आठवून लिहिलेल्या तासांवर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही. म्हणून मी आधीच वरची मर्यादा ठरवून देतो आणि सत्तर टक्के तास संपले की कळवतो.

अंदाज मात्र दोन्हीकडे लागतोच. त्यासाठी मी पर्ट (PERT) या प्रकल्प-नियोजनाच्या पद्धतीचं सूत्र वापरतो. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ साली ही पद्धत तयार झाली. सगळं सुरळीत गेलं तर लागणारे तास, बहुधा लागतील अशा तासांची चौपट आणि सगळं बिघडलं तर लागणारे तास यांची बेरीज करून सहाने भागायचं. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय, जोडायला माझे आकडे ६, १० आणि ३२ असतील तर उत्तर १३ येतं. खरा उपयोग त्या ३२चा. तो लिहिताना अकाउंटची मंजुरी रखडणं, पैसे कापले गेले पण ऑर्डर नोंदली नाही, रिफंड, हे सगळं आठवतं. सुरुवातीचा अंदाज चौपटीपर्यंत चुकू शकतो, असं सॉफ्टवेअर क्षेत्रातले अभ्यासक बॅरी बोहेम यांनी १९८१मध्येच मांडलं होतं. अशा वेळी एकच आकडा सांगून त्यात अडकणं मला तरी जड जातं.

क्लायंट अगदी नवा असेल आणि तासाला तयार नसेल, तर सुरुवातीचा छोटा टप्पा उक्ता घेऊन बघा: फक्त स्क्रीनची यादी, कोण काय करू शकेल याचा तक्ता आणि कच्चे आराखडे. पुढचं तासावर. त्या यादीत लॉगिनच्याच आता माझ्याकडे सात ओळी होतात.