सायकलला दिवा कोणता घ्यावा: बाटली डायनामो, हब डायनामो, चार्जिंगचा दिवा की नुसता रिफ्लेक्टर?

सायकलचा दिवा दोन कामे करतो आणि ही दोन कामे वेगळी आहेत. पणजी किंवा मडगावच्या बाजारपेठेतून, पथदिव्यांच्या उजेडात घरी परतणाऱ्याला रस्ता दिसतच असतो. त्याला हवे असते ते एवढेच, की मागून येणाऱ्या गाडीला तो वेळेत दिसावा. दिवाडी बेटावरून किंवा सत्तरीतल्या काजूच्या बागांमधून पहाटे जाणाऱ्याला मात्र पावसाने उखडलेला खड्डा आणि रस्त्यावर बसलेली गुरेही दिसायला हवीत. पहिल्याने मागच्या दिव्यावर अधिक खर्च करावा, दुसऱ्याने पुढच्या. हे न ठरवता दुकानात गेलेला माणूस बहुतेक वेळा हँडलवर बसणारा सर्वांत झगझगीत दिवा घेऊन येतो आणि मागे सायकलीबरोबर आलेला धुळकट लाल रिफ्लेक्टर तसाच ठेवतो.

खोक्यावर छापलेल्या ल्युमेनच्या आकड्यावर जाऊ नये. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. त्यातला किती रस्त्यावर पडतो आणि किती माडांच्या झावळ्यांवर वाया जातो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. बहुतेक स्वस्त दिवे विजेरीसारखा गोल झोत टाकतात. अशा झोताचा वरचा अर्धा भाग समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असलेल्या आपल्या अरुंद रस्त्यांवर दिपलेल्या स्कूटरवाल्याला बाजूला व्हायला जागाच नसते. जर्मनीच्या वाहतूक नियमांत म्हणूनच सायकलच्या पुढच्या दिव्याने १० मीटरवर किमान १० लक्स (लक्स म्हणजे ज्या जागेवर उजेड पडतो तिथली त्याची तीव्रता) प्रकाश द्यावा, पण समोरच्याला दिपवू नये, अशी दुहेरी अट आहे. तिथले दिवे मोटारीच्या लो बीमप्रमाणे वरून कापलेला झोत टाकतात. तुमच्या हातातला दिवा कसा आहे ते पाहणे सोपे आहे: अंधारात भिंतीपासून पाच मीटरवर उभे राहून तो लावावा. उजेडाची वरची कड सरळ रेषेत तुटलेली दिसली, तर त्या दिव्याची घडण विचारपूर्वक केलेली आहे. नुसता गोल डाग दिसला, तर तो निदान बराच खाली झुकवून बसवावा लागेल.

मागच्या दिव्याचा हिशेब वेगाशी बांधलेला आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते. चालकाच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २१ मीटर, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबेपर्यंत आणखी सुमारे २० मीटर. म्हणजे ४० मीटरवरून दिसणारा सायकलस्वार जेमतेम वाचतो, आणि मागच्या गाडीने वेग ६० केला की हे अंतर ५० मीटरच्या पुढे जाते. त्यामुळे मागचा दिवा भर पावसातही १०० मीटरवरून ओळखू यावा अशी अपेक्षा ठेवणे मुळीच जास्त नाही.

आता ऊर्जेचा प्रश्न, आणि निवड खरी इथेच होते. यूएसबीवर चार्ज होणारा दिवा हलका असतो, लगेच बसतो, काढून खिशात टाकता येतो, आणि डायनामोच्या मानाने त्याची किंमतही कमी असते. त्याचे वैर गोव्याच्या हवेशी आहे. माझ्या पहिल्या अशा दिव्यावर पाण्यापासून संरक्षण असल्याचे लिहिले होते. जुलैत चार्जिंगच्या तोंडावरचे रबरी झाकण सैल झाले आणि गणेशचतुर्थीपर्यंत आतल्या बारीक पिना हिरव्या पडल्या होत्या. खारी हवा आणि सततची ओल यांपुढे झाकण हाच या दिव्यांचा सर्वांत दुबळा भाग ठरतो. पाण्यापासूनचे संरक्षण आयपीएक्स या आकड्यात सांगतात; त्यातला आयपीएक्स ४ हा दर्जा केवळ शिंतोड्यांपुरता आहे. आपल्या पावसाळ्यासाठी आयपीएक्स ६, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्यापुढे टिकणारा, किंवा त्याहून वरचा दर्जा पाहावा. त्यापेक्षा मोठा दोष मात्र दिव्याचा नसून वापराचा आहे: तो आठवणीने चार्ज करावा लागतो, आणि विसरल्याचे लक्षात येते ते बरोबर अंधार पडल्यावर.

बाटली डायनामो आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडिलांच्या सायकलीला होता. टायरच्या कडेला घासणारी ती छोटी बाटली ६ व्होल्टवर ३ वॅट वीज देते. जुन्या बल्बला हे अपुरे वाटे, परंतु एलईडीसाठी एवढी वीज भरपूर आहे, म्हणून हा पर्याय जुनाट समजून टाकून देऊ नये. तो स्वस्त आहे, जुन्या पठडीच्या कुठल्याही सायकल दुरुस्तीवाल्याला तो बसवता येतो, आणि दिवा बंद असताना त्याचा काडीचाही भार पडत नाही. आमच्या वाड्यावर पहाटे पाव घेऊन येणारा पोदेर मात्र त्याच्याबद्दल एकच तक्रार सांगतो आणि ती खरी आहे: पावसात ओल्या टायरवर बाटली घसरते, आणि दिव्याची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच तो मंदावतो.

हब डायनामो हा दोष मुळातूनच काढतो. वीज पुढच्या चाकाच्या बंद आसातच तयार होते; तिथे घासणारे काही नसते आणि पावसाचा तिला उपद्रव होत नाही. दिवा लावल्यावर पायांवर पाच-सहा वॅटचा भार येतो, जो निवांत सायकल चालवणाऱ्याच्या साधारण ७५ वॅटांत फारसा जाणवत नाही. चांगल्या दिव्यात कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, असतो, त्यामुळे चौकात थांबल्यावरही तो काही मिनिटे तेवत राहतो. हा कपॅसिटर आहे की नाही हे विचारल्याशिवाय कोणताही डायनामोचा दिवा घेऊ नये. अडचण आहे ती खर्चाची. चाक नव्याने विणावे लागते, आणि हब, मजुरी व दिवे मिळून होणारा खर्च एका साध्या सायकलीच्या किमतीला जाऊन भिडू शकतो.

तरीही रोज अंधारात जाणाऱ्याला मी हाच पर्याय सुचवीन, कारण तो आठवणीवर अवलंबून नाही. डेन्मार्कमधील ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३,८४५ सायकलस्वारांचा एक प्रयोग झाला. त्यातल्या काहींच्या सायकलींना चाकावरच्या चुंबकांवर चालणारे, रात्रंदिवस आपोआप लागणारे दिवे बसवले होते. त्या गटातील इजा होणाऱ्या अपघातांचे प्रमाण इतरांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी भरले. अपघातांची माहिती सहभागी लोकांनी स्वतःच कळवली होती, तेव्हा आकडा थोडा सैल धरावा. पण ज्याला बटणच नाही तो दिवा विसरला जात नाही, ही गोष्ट उरतेच.

लुकलुकणारा दिवा लवकर नजरेत भरतो, पण त्याच्यावरून अंतराचा अंदाज नीट येत नाही. ब्रिटनने २००५ पासून मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकणाऱ्या दिव्यांना परवानगी दिली. जर्मनीत ते चालत नाहीत. मी स्थिर दिव्याच्या बाजूचा आहे, आणि शक्य असेल तर एका ठिपक्याऐवजी आडवी प्रकाशरेषा देणारा मागचा दिवा घ्यावा, कारण जवळ येताना रेषा रुंदावते आणि अंतर कळू लागते.

रिफ्लेक्टरला वीज लागत नाही, म्हणून तो असायलाच हवा. पण दुसऱ्याच्या हेडलाइटचा झोत पडल्याशिवाय तो काहीच करत नाही, आणि आडव्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला तो दिसतोच असे नाही. शिवाय आपली तांबडी माती दोन दिवसांत त्याच्यावर पापुद्रा धरते. चमकत्या पट्ट्या बांधायची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित जागा म्हणजे पाय. ऑस्ट्रेलियात रात्रीच्या एका चाचणीत चालकांनी काळ्या कपड्यांतले केवळ २ टक्के सायकलस्वार ओळखले, चमकत्या जाकिटातले ५० टक्के, आणि जाकिटाबरोबर घोट्यांना व गुडघ्यांना चमकत्या पट्ट्या बांधलेले ९० टक्के. वर-खाली होणारे पाय पाहताच मेंदूला हा माणूस आहे हे कळते. शिकवणीहून उशिरा परतणाऱ्या मुलांसाठी चार्जिंगचा चांगला मागचा दिवा आणि घोट्याच्या दोन पट्ट्या ही जोडी पुरेशी आहे.

पोदेरासारख्या, कॅरिअरवर मोठी टोपली बांधणाऱ्याने घेण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. बाजारातले बहुतेक मागचे दिवे सीटखालच्या दांड्याला बसतात. टोपली, दप्तर किंवा लोंबणारा रेनकोट यांच्यापैकी काहीही मागे असले, की तिथला दिवा मागच्या गाडीला दिसत नाही. त्याच्यासाठी कॅरिअरच्या टोकाला किंवा मागच्या मडगार्डवर स्क्रूने बसणारा दिवा मागावा, आणि टोपली बांधून, झाकण घालून, सायकल उभी करून, ५० पावले मागे जाऊन तो दिसतो की नाही हे दुकानदारासमोरच पाहून घ्यावे.