रात्री नऊची गोळी आणि फोनवरची आठवण : जवळजवळ वर्षभराच्या वापरानंतर

गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या ॲपची वार्षिक वर्गणी या आठवड्यात संपते आहे आणि ती पुन्हा भरायची नाही, असे मी ठरवले आहे. ॲपचे नाव देत नाही, कारण या प्रकारची बहुतेक ॲप सारखीच चालतात आणि माझी तक्रारही त्या सगळ्यांना थोडीफार लागू पडेल.

ह्यांना गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि अँजिओप्लास्टी करून स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवावा लागला. घरी आल्यावर ॲस्पिरिन, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल आणि रामिप्रिल तर होतेच, पण खरी काळजी होती ती रक्तात गुठळी होऊ न देणाऱ्या टिकाग्रेलॉरची. ९० मिलिग्रॅमची ही गोळी दिवसातून दोनदा, साधारण वर्षभर घ्यायची असते. तिचा परिणाम लवकर ओसरतो आणि ती परस्पर बंद केली तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. सकाळच्या गोळ्या नाश्त्याबरोबर घेतल्या जातात, त्या कधी चुकल्या नाहीत. रात्री नऊला मात्र जेवण, बातम्या, कुणाचा तरी फोन आणि ह्यांची खुर्चीतली डुलकी असे सगळे एकदम येते, म्हणून मी हे ॲप त्या एका गोळीवरूनच जोखले आहे.

पहिले काही महिने मी त्यावर अतिशय खूश होते. चालायला जाण्याची आणि वजन करण्याची आठवण आम्ही लवकरच बंद केली. रक्तदाबाच्या नोंदींचा आलेख मात्र डॉक्टरांनीही पाहिला आणि त्यावरून रामिप्रिलची मात्रा ठरवली.

मग फोन बदलला आणि नऊची आठवण कधी पावणेदहाला, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडल्यावर येऊ लागली. कंपनीला लिहिले, तर ॲप काढून पुन्हा टाका, असे ठरावीक उत्तर तीनदा आले. शेवटी भाच्याने कारण शोधले : बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपला झोपवत होता, शिवाय अँड्रॉइड १४ मध्ये नव्याने टाकलेल्या ॲपला नेमक्या वेळी गजर वाजवण्याची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन वेगळी द्यावी लागते. दोन्ही बदल केले आणि आठवण वेळेवर येऊ लागली. ज्यांचा धंदाच आठवण करून देण्याचा आहे, त्यांनी हे पहिल्याच दिवशी तपासून सांगायला हवे होते, आणि पैसे भरलेल्या माणसाला ते भाच्याकडून कळावे याचा मला आजही राग आहे.

तरीही माझे मत खरे बदलले ते औषधांच्या दुकानात. ॲपमध्ये सगळा महिना हिरवा होता, एकही गोळी चुकल्याची नोंद नव्हती, पण नवी पाकिटे घेताना जुन्यांत टिकाग्रेलॉरच्या गोळ्या शिल्लक निघाल्या. विचारल्यावर हे म्हणाले, "रात्रीच्या गोळीने आडवं झालं की धाप लागते, म्हणून मधूनमधून सोडतो." आठवण वाजली की ‘घेतली’ हे बटण दाबून ते मोकळे होत होते. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ईसीजी आणि इको करून हृदय ठीक असल्याचे पाहिले, धाप लागणे हा या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, असे समजावले आणि न विचारता गोळी सोडायची नाही, असे ह्यांना बजावले. पुढे तो त्रास कमीही झाला.

त्यानंतर मी या विषयावर वाचले. ऑस्ट्रेलियात ७१० हृदयरुग्णांच्या अभ्यासात सुमारे निम्म्यांना सहा महिने मोबाइलवर आठवड्याला चार संदेश पाठवले आणि त्यांचे कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब इतरांपेक्षा कमी असल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. पण तिथेच १,४२४ रुग्णांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभर संदेश पाठवूनही औषधे नियमित घेण्यात फरक दिसला नाही. आमच्या घरापुरते मला ते पूर्ण पटते. विसरणाऱ्याला गजर पुरतो, पण ज्याला गोळीची भीती बसली आहे, त्याच्याशी कुणीतरी बोलावेच लागते.

ॲपचा एक दोष मात्र मला धोकादायकच वाटतो. रात्रीच्या गोळीची नोंद राहिली, तर ती सकाळच्या गोळीच्या वर लाल अक्षरांत ‘बाकी’ म्हणून दिसत राहते आणि खाली ‘आता घ्या’ असे बटण येते. टिकाग्रेलॉरची गोळी चुकली तर पुढची ठरलेल्या वेळी एकच घ्यायची, दुप्पट घ्यायची नाही. घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने ते लाल बटण पाहून सकाळी दोन गोळ्या घेतल्या तर? मी हे कंपनीला सविस्तर कळवले, ‘आपली सूचना नोंदवली आहे’ असे उत्तर आले, आणि बटण अजून तिथेच आहे.

आता फोनच्या स्वतःच्या घड्याळात नऊचा गजर ‘रात्रीची गोळी’ या नावाने लावला आहे. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन त्याला झोपवत नाही आणि त्याला वर्गणीही नाही. सात दिवसांची, सकाळ-रात्रीच्या खणांची प्लॅस्टिकची डबी मी रविवारी भरते. रात्रीचा खण रिकामा झाला की नाही, ते एका नजरेत कळते. साडेनऊला पुण्याहून लेक फोन करते आणि बाबांना धाप लागली का, हे आधी विचारते. वाचलेल्या पैशांतून रक्तदाबाच्या यंत्राचा दंडाला बांधायचा पट्टा बदलायचा आहे, जुना आता नीट धरत नाही.