वर्कशॉपमधल्या एलईडी ट्यूब आणि त्यांचा फ्लिकर: हिवाळा ते नवतपा, वापरानंतरचा अनुभव

हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक पिलर ड्रिल, एक शेपर, बेंच ग्राइंडर, कोपऱ्यात वेल्डिंग आणि डोक्यावर पत्रा. गेल्या हिवाळ्यात चोक-स्टार्टरवाल्या चार फुटी ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी ट्यूब बसवल्या. मुद्दाम दोन प्रकारच्या घेतल्या. पहिल्या लेथच्या बाजूला नागपूरच्या बर्डी बाजारात मिळणाऱ्या स्वस्तातल्या आणि दुसऱ्या बाजूला जवळपास दुप्पट किमतीच्या. सगळा उन्हाळा आणि पावसाळा त्यांच्याखाली काम झाल्यावर हे लिहितोय.

बिलाचं आधी उरकतो. जुनी ४० वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट ५० वॅटच्या आसपास ओढायची, त्यामुळे बचत खरी आहे. पावसाळी हवेत ट्यूब पेटेपर्यंत स्टार्टर फिरवत बसायचा त्रासही संपला. उजेडाबद्दल दोन्ही प्रकारांविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती फ्लिकरची, म्हणजे डोळ्याला थेट न जाणवणाऱ्या झपाट्याने उजेड वर-खाली होण्याची, आणि फिरत्या मशीनवर काम करणाऱ्याने ती हलक्यात घेऊ नये.

पहिल्या लेथचा बेल्ट ताणल्यावर गार्ड बसवण्याआधी मोटर चालवून बघत होतो, तेव्हा आमचा टर्नर म्हणाला, "भाऊ, पुली उलटी फिरून राहिली ना!" चार आऱ्यांची पुली, मोटर बरोबर दिशेने चाललेली, आणि डोळ्याला मात्र आरे हळूहळू उलटे सरकताना दिसत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि प्रत्येक आवर्तनात उजेड दोनदा चढतो-उतरतो, म्हणून ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा वर-खाली होतो. चार पोलची मोटर बिनालोडची असताना मिनिटाला १४९० फेऱ्यांच्या आसपास फिरते. नेमकी १५०० वर फिरली असती तर दोन चमकांच्या मध्ये पुली बरोबर पाव फेरा झाली असती, एका आऱ्याच्या जागी दुसरा आरा आला असता आणि पुली थांबलेलीच दिसली असती. दहा फेरे कमी पडतात, म्हणून ती मिनिटाला दहा फेरे मागे जाताना दिसते. लेथवर खोल कट लावला की मोटर आणखी दबते आणि पुली जास्त जोरात मागे पळते. मोटरची स्लिप, म्हणजे १५०० पेक्षा कमी पडणारे हे फेरे, डोळ्याने दिसावी इतका तो फ्लिकर खोल होता.

पुलीचं एक वेळ ठीक, लेथवर जॉब पकडून फिरणाऱ्या चकचं काय? थ्री-जॉ (तीन जबड्यांचं) चक १००० आरपीएमला (मिनिटाला १००० फेरे) सहा जॉ असल्यासारखं जागच्या जागी उभं दिसू शकतं, फोर-जॉ ७५० ला आठ जॉचं. गिअरचा वेग थोडा इकडे-तिकडे असला तर ते सावकाश रांगताना दिसतं. संध्याकाळच्या शिफ्टला, बाहेरचा उजेड गेलेला, शेजारच्या मशीनचा आवाज चालू, अशा वेळी चक थांबलंय समजून कोणी जॉबला हात लावला तर काय होईल ते सांगायची गरज नाही. जुन्या ट्यूबलाही १०० हर्ट्झचा फ्लिकर होताच, पण आतल्या पावडरची चमक थोडी रेंगाळायची आणि मधला अंधार पूर्ण पडायचा नाही. पिवळ्या बल्बची तार तर गरमच राहते, म्हणून लेथवरच्या जुन्या मशीन लॅम्पखाली हा प्रकार फारसा जाणवला नव्हता. एलईडी मात्र करंट थांबला की त्या क्षणी विझते. म्हणून सगळा भार ड्रायव्हरवर, म्हणजे ट्यूबच्या आत एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटवर येतो.

दोन्ही ट्यूब उघडून पाहिल्या. स्वस्त ट्यूबच्या टोकात बोटाच्या पेरापेक्षा लहान पट्टी निघाली: डायोडचा ब्रिज, एक छोटी आयसी, दोन-चार रेझिस्टर. करंट साठवून ठेवणारा कंडेन्सर नाहीच. अशा ड्रायव्हरमध्ये व्होल्टेज एलईडीच्या माळेला लागतं त्याच्या वर चढतं तेवढ्याच वेळात उजेड पडतो, बाकी वेळ अंधार. महागड्या ट्यूबमध्ये कॉइल होती आणि गोल कंडेन्सर होता, जो मधली दरी भरून काढतो. खोक्यावर पॉवर फॅक्टर (वीज किती नीट ओढली जाते त्याचा आकडा) ०.९ च्या वर लिहिलाय म्हणून फ्लिकर कमी असेल असं समजू नका. पॉवर फॅक्टर चांगला ठेवणाऱ्या कित्येक ड्रायव्हरमध्येच १०० हर्ट्झची लहर जास्त उतरते. अमेरिकेतल्या आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक मानकानुसार १०० हर्ट्झला ही लहर, म्हणजे उजेडाची चढ-उतार, ८ टक्क्यांच्या आत असावी. आपल्याकडच्या खोक्यावर हा आकडा छापलेला मला दिसला नाही, त्यामुळे तपासणी आपणच करायची.

ती सोपी आहे. मोबाइल प्रो मोडवर टाका, शटर १/१००० करा आणि ट्यूबकडे धरा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकले तर ट्यूब दुकानातच ठेवा. साध्या मोडवर तपासू नका, कारण मोबाइल आपणहून शटर जुळवून पट्टे लपवतो. प्रो मोड नसेल तर त्या ट्यूबच्या उजेडात स्टीलची पट्टी जोरात हलवून बघा. चांगल्या उजेडात सलग धूसर पंखा दिसतो, फ्लिकर असेल तर सुट्या-सुट्या पट्ट्या दिसतात.

आता उन्हाळा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या सर्वात कडक नऊ दिवसांत, आमच्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही, आणि ट्यूब तर पत्र्याला लागूनच. संध्याकाळी सगळीकडे कूलर सुरू झाले की व्होल्टेज बसतं. स्वस्त ट्यूब लगेच मंद व्हायच्या आणि वेल्डिंगचा आर्क पेटला की गचके खायच्या. महागड्या हलल्या नाहीत. स्वस्तातली एक ट्यूब मेमध्ये वेगळ्याच प्रकारे लुकलुकायला लागली: पेटायची, थोड्या वेळाने विझायची, थंड झाली की परत पेटायची. माळेतल्या एका एलईडीचा जोड गरम झाला की सुटत होता. मात्र महागड्यांचंही आयुष्य या उकाड्यात कंडेन्सरवरच ठरणार. साधारण १० अंश वाढले की कंडेन्सरचं आयुष्य निम्म्यावर येतं. म्हणून ट्यूबच्या पट्ट्या (फिटिंग) पत्र्यापासून फूटभर खाली साखळीवर टांगल्या. हे पहिल्याच दिवशी करण्यासारखं काम आहे.

थ्री-फेज कनेक्शन असेल तर जुन्या वायरमनांची पद्धत अजूनही कामाची आहे. एका मशीनवर उजेड टाकणाऱ्या तीन ट्यूब तीन वेगळ्या फेजवर घ्यायच्या. एक विझते तेव्हा दुसरी पेटलेली असते. पहिल्या लेथवर तसं केल्यावर त्याच स्वस्त ट्यूबखाली पुली उलटी फिरायची थांबली. पण तिन्हींचा उजेड मशीनवर एकत्र पडला पाहिजे, एक ट्यूब लांबच्या भिंतीवर असून उपयोग नाही. शिवाय वेगळ्या फेजवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये ४०० च्या वर व्होल्ट असतात, तेव्हा हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या.

वायरिंग बदलताना चोक आणि स्टार्टर सर्किटमधून काढायचे की नाही ते ट्यूबवरच्या आकृतीत बघा, प्रत्येक ट्यूबचं वेगळं असतं. फेज एका टोकाला आणि न्यूट्रल दुसऱ्या टोकाला असलेली ट्यूब बसवताना मेन बंदच हवा. एक टोक होल्डरमध्ये गेलं की हातातल्या टोकाच्या पिनेवर करंट येऊ शकतो. शिडीवर उभं असताना तेवढा झटका पुरतो.

स्वस्त ट्यूब आता स्टोअर आणि बाथरूममध्ये हलवल्यात, तिथे काही फिरत नाही. दोन्ही लेथ, ड्रिल आणि ग्राइंडरवर फक्त कंडेन्सरवाल्या ट्यूब, त्याही तीन फेजवर वाटलेल्या. टर्नरचं संध्याकाळी मायक्रोमीटर वाचताना डोकं दुखायचं, ते थांबल्याचं तो सांगतो. दर दोन-तीन महिन्यांनी मोबाइल धरून सगळ्या ट्यूब तपासतो, कारण कंडेन्सर एकदम मरत नाही, हळूहळू सुकतो आणि फ्लिकर तसाच चोरपावलांनी वाढतो.